इंजिनातले तीळ

आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचं, हा निशिकांतराव आठल्यांच्या आयुष्यातला एकमेव बाणेदार नियम होता. पुण्यात कॉलेजचे ग्रंथपाल असताना त्यांनी लग्नपत्रिकांना उत्तरं लिहिली, विमा एजंटांच्या छापील शुभेच्छांना उत्तरं लिहिली, आणि एकदा दुसऱ्याच कुणा आठल्यांचं पत्र चुकून त्यांच्याकडे आलं, तेव्हा त्यालाही लिहिलं, की ‘मी आपल्याला हवे असलेले आठल्ये नाही, क्षमस्व, पण आपल्या कन्येचं ठरलं हे वाचून आनंद झाला.’ समोर माणूस आला की त्यांची जीभ टाळ्याला चिकटे. कागदाला मात्र ते भीत नसत.

म्हणूनच २००६ सालच्या नोव्हेंबरात आलेलं एक पत्र सिंगापूरला, क्लेमेंटीतल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये, त्यांच्या उशाशी असलेल्या जाडजूड शब्दकोशात, उत्तराविना पडून राहिलं, ही साधी गोष्ट नव्हती. शब्दकोश उघडायची वेळ आली की ते आता पान चुकवून उघडत.

पत्र गोल्डन हेरॉन नावाच्या मोटार-तेलाच्या कंपनीकडून, वॉरंटी विभागातल्या कुणा मिस क्वेक यांचं होतं. अत्यंत सभ्य होतं, आणि तीच अडचण होती. उद्धट पत्राला फणकाऱ्यानं दोन ओळी लिहून मोकळं होता येतं. या बाईंनी मात्र लिहिलं होतं, की आपल्या मोटारीच्या इंजिनातून काढलेल्या तेलाच्या नमुन्यात आम्हांला दोन गोष्टी आढळल्या. पहिली, खाद्यतेल, आणि तेलाच्या गाळणीत काही बिया, बहुधा तीळ. दुसरी, आमच्या कंपनीचं नसलेलं इंजिन ऑइल, अल्प प्रमाणात. या दोन्ही गोष्टी इंजिनात कशा गेल्या ते कृपया लेखी कळवावं. उत्तर येईपर्यंत आपल्या इंजिनाची वॉरंटी स्थगित ठेवत आहोत. खाद्यपदार्थ शिल्लक असल्यास थोडा नमुना सोबत पाठवावा, आमच्या प्रयोगशाळेला कुतूहल आहे.

पहिल्या गोष्टीचं उत्तर निशिकांतरावांना ठाऊक होतं; ते लिहिण्यासारखं नव्हतं. दुसरीचं उत्तर त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि त्यामुळे त्यांची झोप उडाली होती.

गाडी मुलाची, प्रबोधची. सिंगापुरात गाडीपेक्षा गाडी बाळगण्याचा परवाना महाग, म्हणून तिथे लोक गाडीला घरातल्या मोठ्या जावयासारखं जपतात. प्रबोधनं ती वापरलेली घेतली होती आणि मूळ कंपनीची वॉरंटी संपली होती. तेव्हा तो गोल्डन हेरॉनच्या योजनेत शिरला. योजना सरळ होती. इंजिनात फक्त आमचंच तेल घाला, आमच्या मान्यतेच्या वर्कशॉपमध्येच बदलून घ्या, मधे कमी पडलं तर आमच्याच डब्यातलं घाला. मग इंजिनाला काहीही झालं तरी आम्ही बघू. दुसरं तेल घातलंत, की तुम्ही आणि तुमचं इंजिन. हे कलम वाचून निशिकांतरावांना सप्तपदी आठवली. त्यांनी ते घरातल्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मग कुणाचं लक्ष नव्हतं असं वाटून पुन्हा वाचून दाखवलं.

सप्टेंबरात प्रबोधच्या बँकेनं त्याला फ्रँकफुर्टला धाडलं, ते थेट नाताळापर्यंत. निघताना चांगी विमानतळावर तो म्हणाला, “बाबा, गाडीचं तेल तुमच्याकडे. दर रविवारी डिपस्टिक बघायची, कमी असेल तर डब्यातलं घालायचं. क्षिप्रा गाडी चालवते, पण बॉनेट उघडत नाही. कंपनीला मी तुमचं नाव दिलंय.”

इतरांना हे वाक्य साधं वाटलं असेल. निशिकांतरावांच्या पोटात मात्र कारंजं उडालं. घरात वस्तू आणि बाबा यांना एकत्र ठेवायचं नाही, असा अलिखित कायदा होता. पुण्यात त्यांनी लावलेला पडद्याचा दांडा पाहुण्यांच्या डोक्यात पडला होता, आणि पाहुणे प्रबोधला सांगून आलेल्या स्थळाचे होते. (ते स्थळ मोडलं, म्हणून क्षिप्रा मिळाली; पण याचं श्रेय त्यांना कुणी दिलं नाही.) त्यानंतर स्क्रूड्रायव्हर त्यांच्या पत्नी सुलेखाताईंच्या साड्यांच्या कपाटात राहू लागला. अशा माणसाला मुलानं इंजिन सोपवलं होतं. आता काही झालं तरी हे एक काम नीट करून दाखवायचं, येताक्षणी त्यानं डिपस्टिक काढावी आणि “वा, बाबा!” म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. साठी उलटल्यावर माणसाच्या इच्छा अशा लहान आणि फार जोरकस होतात.

त्यांनी गाडीचं माहितीपुस्तक पेन्सिल घेऊन वाचलं. समासात प्रश्नचिन्हं केली. एका ठिकाणी छपाईची चूक सापडली, ती दुरुस्त केली. आणि रविवारी सकाळी इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून ते कारपार्कमध्ये जाऊ लागले. बॉनेट उघडायचं, डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढायची, जुन्या रुमालानं पुसायची, परत घालायची, काढायची, चष्मा वर करून बघायचं. तेल दोन खुणांच्या मधे असे. तरी आपण नीट पाहिलं का, अशी शंका येऊन ते पुन्हा पुसत.

हा सोहळा बघायला खालच्या मजल्यावरचे मिस्टर गोह हजर असत. गोह पूर्वी बस चालवत, आता दिवसभर ब्लॉकच्या खाली बसून बुद्धिबळ खेळत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ला देत, तोही वाक्याला ‘लाह’चं शेपूट लावणाऱ्या तिथल्या इंग्रजीत.

“अंकल, एव्हरी वीक चेक, फॉर व्हॉट? इंजिन नॉट बेबी, लाह!”

निशिकांतराव यावर गोड हसत. उत्तर त्यांना सुचे, पण लिफ्टमध्ये शिरल्यावर.

दिवाळी आली. सुलेखाताईंनी मंडळाच्या फराळासाठी चकल्यांचा घाणा घातला, तो दोन दिवस चालला. अख्ख्या मजल्याला खमंग वास सुटला. शेजारच्या मलय बाईंनी दार उघडून विचारपूस केली आणि बशी भरून चकल्या घेऊन गेल्या. शेवटी कढईत तळणीचं तेल उरलं. सिंकमध्ये तेल ओतू नये, अशी पाटी लिफ्टमध्ये लागली होती, आणि सुलेखाताई या देशात आल्यापासून पाटीला फार मान देत. त्याच वेळी त्यांच्या नजरेला गोल्डन हेरॉनचा रिकामा डबा पडला. आधीच्या वेळचा, प्रबोधनं कचऱ्यात टाकण्यासाठी मागच्या बाल्कनीत ठेवलेला. आता झाकण घट्ट, मूठ भक्कम, बाजूला माप छापलेलं असा डबा टाकून द्या म्हणून मराठी बाईला सांगून बघावं. त्यांनी तो दोनदा गरम पाण्यानं आणि साबणानं धुतला, उन्हात वाळवला, आणि थंड झालेलं तळणीचं तेल त्यात भरून ठेवलं. एखाद्या दिवशी क्षिप्राला विचारून टाकू म्हणाल्या.

खरा, भरलेला डबा चपलांच्या कपाटात होता. पण प्रबोधनं तो कुठे आहे ते सांगितलं, तेव्हा निशिकांतराव पेन्सिलला टोक करत होते.

त्या रविवारी तेल खालच्या खुणेशी टेकलं होतं. निशिकांतरावांच्या इतक्या आठवड्यांच्या वाचनाचा उपयोग करण्याची घडी आली होती. वर येऊन त्यांनी शोधलं, बाल्कनीत डबा दिसला. नाव बरोबर, चित्रातला बगळा बरोबर. झाकण काढून पाहिलं, तर रंग सोनेरी. पुस्तकात लिहिलं होतंच, ताजं तेल मधासारखं दिसतं. वास खमंग आला खरा; पण सगळं घरच तेव्हा चकलीच्या वासाचं होतं, त्यात डब्याला वेगळं कसं काढणार? सुलेखाताई आंघोळीला गेलेल्या पाहून त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टीलचं नरसाळं उचललं.

थोडं घालावं, थांबावं, तपासावं, असं करत त्यांनी अगदी वरच्या खुणेपर्यंत तेल आणलं. थोडं बाहेर सांडलं, इंजिनावरच ओघळलं, ते रुमालानं जमेल तेवढं पुसलं. गोह लांबून बघत होते. “गुड, अंकल, गुड!” ते म्हणाले. निशिकांतराव त्या दिवशी वरणभाताला दोनदा वाढून घेऊन झोपले.

सोमवारपासून गाडीला वास येऊ लागला.

क्षिप्रा नोव्हेना भागातल्या इस्पितळात आहारतज्ज्ञ होती. तळलेलं बंद, हे तिचं दिवसभराचं वाक्य. संध्याकाळी घरी येऊन ती म्हणाली, “आई, तुम्ही गाडीत चकल्या ठेवल्यात का?”

“मी कशाला ठेवू? डब्यात आहेत. देऊ?”

“नको. पण गाडी सुरू केली की चकलीचा वास येतो. लाल सिग्नलला थांबले की जास्तच येतो.”

मग गाडीची झडती झाली. सीटखाली नातीचं, श्रियाचं, जुनं बिस्किट, एक हरवलेली चप्पल आणि मागच्या वर्षीचं चॉकलेट सापडलं. चकली नाही. दुसऱ्या दिवशी वास वाढला. तिसऱ्या दिवशी क्षिप्रा गाडीतून उतरत असताना ज्यांना तिनं आदल्या आठवड्यात तळलेलं बंद केलं होतं, असे एक ढेरपोटे गृहस्थ शेजारच्या गाडीतून उतरले, हवा हुंगली, तिच्याकडे पाहिलं, आणि मंद हसले. “मला त्यांच्या नजरेत अपमान दिसला, आई,” क्षिप्रा म्हणाली.

“आपली गाडी शियोक आहे, आजोबा!” नऊ वर्षांची श्रिया म्हणाली. शियोक म्हणजे तिथल्या पोरांच्या भाषेत झकास. “माय फ्रेंड्स ऑल वाँट लिफ्ट, लाह.”

सल्ल्यांना तोटा नव्हता. समोरच्या ब्लॉकमधला उल्हास बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता आणि त्याला न येणारा विषय अजून निघायचा होता. त्यानं डॅशबोर्डवर हात ठेवून, डोळे मिटून श्वास घेतला.

“एसीचा फिल्टर आहे, काका. शंभर टक्के.”

एसीचा फिल्टर बदलला. वास कायम.

“मग उंदीर. वायरी खातात, त्या जळतात.”

“चकलीच्या वासाच्या वायरी?” सुलेखाताईंनी विचारलं.

“काकू, जपानी गाड्यांत हल्ली सोयाबीनच्या वायरी असतात म्हणे.”

निशिकांतराव मधे कुठेच नव्हते. वास इंजिनाच्या बाजूनं येतो, इंजिन त्यांच्या ताब्यात आहे, तेव्हा काहीतरी त्यांचंच चुकलं असणार, एवढं त्यांना आतून वाटत होतं. पण तसं त्यांना नेहमीच वाटे. मुंबईला रेल्वे उशिरा आली तरी वाटे. म्हणून त्यांनी त्याकडे दुर्लक्ष केलं. इथेच त्यांचं चुकलं.

शनिवारी दुपारी सुलेखाताई बाल्कनीतून आत आल्या. हातात डबा, तो हलवत होत्या, आणि आतून नुसताच डुचुक असा आवाज येत होता.

“अहो, माझं तळणीचं तेल कुठे गेलं?”

“कुठलं तळणीचं तेल?” निशिकांतराव पुस्तकातून मान वर करत म्हणाले.

“यातलं. जवळजवळ भरून ठेवलं होतं. आणि माझ्या नरसाळ्यालाही तेलकटपणा आहे, मी तर वापरलं नाही.”

निशिकांतरावांनी डब्याकडे पाहिलं. बगळा त्यांच्याकडे पाहत होता. पुस्तक त्यांच्या मांडीवरून खाली घसरलं, आणि ज्यांनी आयुष्यात एकही पान मुडपलं नाही त्यांनी ते उचललं नाही.

“सुलेखा,” ते हळूच म्हणाले, “आपली गाडी चकली नाही खात. पिते.”

सुलेखाताई आधी समजल्या नाहीत. समजल्यावर खाली बसल्या. मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की क्षिप्रा धावत आली आणि तीही बसली.

“बाबा,” क्षिप्रा डोळे पुसत म्हणाली, “मी आज सकाळी एका पेशंटला सांगितलं, तळणीचं तेल पुन्हा वापरू नका.”

त्याच दुपारी क्षिप्रा त्यांना क्वीन्सटाउनजवळच्या मान्यताप्राप्त वर्कशॉपमध्ये घेऊन गेली. आह सेंग नावाच्या मेकॅनिकनं खालचा बोल्ट सोडला, तेल भांड्यात पडू लागलं, आणि शेजारच्या गाड्यांवर काम करणारी माणसं एकेक करून गोळा झाली.

“अंकल,” आह सेंग म्हणाला, “यू फ्राय व्हॉट?”

“चकली,” निशिकांतराव पुटपुटले.

“चाकुली,” आह सेंगनं इतरांना गंभीरपणे सांगितलं. कुणी तरी जेवणाची सुट्टी मागितली.

मग त्यानं नवं तेल भरलं, इंजिन सुरू केलं, कान लावून ऐकलं. “इंजिन ओके. ओन्ली हंग्री.” पण वॉरंटीच्या नियमाप्रमाणे जुन्या तेलाचा नमुना बाटलीत भरून, गाळणी पिशवीत घालून त्याला कंपनीकडे पाठवावा लागला. ती बाटली जाताना निशिकांतरावांनी पाहिली, आणि परीक्षेचा पेपर देऊन बाहेर आल्यावर पहिलंच उत्तर चुकल्याचं आठवावं तसं त्यांना वाटलं.

“प्रबोधला मी नाही सांगणार, बाबा,” परतताना क्षिप्रा म्हणाली. “तुम्हीच सांगा. पण त्यानं विचारायच्या आधी सांगा.”

निशिकांतराव हो म्हणाले. आणि मग ते पत्र आलं.

दर रविवारी फ्रँकफुर्टहून फोन येई. “बाबा, गाडी ठीक?” प्रबोध विचारी. “तेल वरच्या खुणेला आहे,” निशिकांतराव म्हणत. हे शब्दशः खरं होतं, आणि शब्दशः खरं बोलून आपण फसवतो आहोत हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? फोन ठेवल्यावर ते शब्दकोशाकडे बघत.

तिळांचं एकवेळ लिहून टाकलं असतं. पण दुसरा मुद्दा! कुठल्या तरी दुसऱ्याच कंपनीचं इंजिन ऑइल, अल्प प्रमाणात. ते कुठून आलं? निशिकांतरावांनी स्वतःची कसून चौकशी केली. बाल्कनी धुंडाळली, चपलांचं कपाट रिकामं केलं. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली सापडली. ती आपण कधी खाली नेली होती का? नेलेली आठवत नव्हती. पण तळणीचं तेल ओतल्याचं तरी कुठे कळलं होतं?

“तुम्ही रविवारी डोक्याला तेल चोपडून जायचात,” सुलेखाताई म्हणाल्या. “वाकून बघताना ठिबकलं असेल.”

“अगं, इंजिन ऑइल म्हणतायत त्या.”

“मग मला काय विचारता? तो डबा मी धुतला होता एवढं मात्र लिहा. बाईला वाटायचं, घाणेरड्या डब्यात तेल ठेवलं.”

उल्हासचा सल्ला वकिली होता. त्यानं कागद ओढून स्वतःच मसुदा सुरू केला. “काका, कबूल काहीच करायचं नाही. ‘कथित बिया’ असं लिहा. ‘आमच्या हक्कांना बाधा न येता’ असं लिहा. पुढे लिहा, की सिंगापुरातल्या दमट हवेत बियांचा उगम अनेक ठिकाणी असू शकतो.”

“म्हणजे इंजिनात तीळ उगवले, असं?”

“तसं म्हणायचं नाही. तसं वाटू द्यायचं.”

निशिकांतरावांनी तो मसुदा घेतला, त्यातली विरामचिन्हं दुरुस्त केली आणि शब्दकोशात ठेवला.

गोह यांचं मत होतं, की उत्तरच देऊ नये. “बिग कंपनी, अंकल, दे फर्गेट. अँड अदर ऑइल? एव्हरीबडी टॉप अप इन जेबी, लाह. चीप!” जेबी म्हणजे पुलापलीकडचं, मलेशियातलं जोहोर बारू. निशिकांतराव तिकडे कधी एकटे गेले नव्हते, तेव्हा हा धागा त्यांना निरुपयोगी वाटला.

मसुदे साचू लागले. एक फार लांब झाला. त्यात चकली म्हणजे काय हे समजावताना ते भाजणीपर्यंत पोचले आणि थकले. एक फार लाचार झाला. एक फार विद्वत्तापूर्ण झाला, त्यात तिळाचं शास्त्रीय नाव होतं. प्रत्येक मसुदा दुसऱ्या मुद्द्याशी येऊन अडे. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं, की दुसरं तेलही आपणच घातलं असणार. केव्हा, कुठून, हे आठवत नाही म्हणजे घातलं नाही, असं थोडंच आहे? आपला स्वभाव बघता हेच अधिक संभवतं. प्रबोध आला की त्याला तसं सांगायचं आणि मग लिहायचं.

नाताळाच्या आधीच्या शनिवारी प्रबोध आला. निशिकांतरावांनी विमानतळापासून मनात एक वाक्य घोळवलं होतं. ‘प्रबोध, तुझ्याशी थोडं बोलायचं होतं.’ ते टॅक्सीत म्हणायचं ठरलं, मग लिफ्टमध्ये, मग जेवण झाल्यावर. पहिला घास तोंडात जातो आहे तोच श्रिया म्हणाली, “पप्पा, यू नो व्हॉट? आजोबा पुट चकली ऑइल इन द कार! फॉर व्हॉट, आय डोंट नो, लाह!”

निशिकांतराव उठले, आत गेले, शब्दकोश घेऊन आले, पत्र काढून मुलाच्या ताटाशेजारी ठेवलं आणि उभेच राहिले.

प्रबोध वाचू लागला. ‘बियां’पाशी त्याच्या खांद्यांना गचके बसू लागले. ‘बहुधा तीळ’ला त्याला ठसका लागला, क्षिप्रानं पाणी दिलं, तो पाणी पिऊन पुन्हा वाचायला लागला आणि पुन्हा ठसकला. निशिकांतरावांना हायसं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात प्रबोध दुसऱ्या मुद्द्यापाशी आला, आणि त्याचं हसू थांबलं.

“ते दुसरं मला आठवत नाहीये रे,” निशिकांतराव घाईनं म्हणाले. “मी खूप आठवून बघितलं. पण मीच घातलं असणार. मी तसं लिहून टाकतो. तू विश्वासानं सोपवलंस आणि मी—”

“बाबा, बसा.”

“नाही, मला बोलू दे—”

“बाबा, ते तुम्ही नाही घातलंत. मी घातलंय.”

सुलेखाताईंच्या हातातला डाव आमटीत बुडाला.

“जूनमध्ये मलाक्क्याहून येत होतो ना, जोहोरला तेलाचा दिवा लागला. पंपावर दुसऱ्याच कंपनीचं होतं. थोडंसं घातलं. तुम्ही सगळे मागे झोपला होतात.”

“मग सांगितलं का नाहीस?”

प्रबोध बँकेत चाळीस माणसांवर साहेब होता. तो ताटातल्या भाताला खळगा करत बसला. “कसं सांगणार? तुम्ही आदल्याच आठवड्यात ते कलम वाचून दाखवलं होतंत. दोनदा. सप्तपदी म्हणाला होतात. मला वाटलं, बाबांना कळलं तर काय म्हणतील!”

निशिकांतराव बसले. मुलगा आपल्याला भिऊ शकतो, ही माहिती त्यांना नवीन होती. पडद्याचा दांडा पाडणाऱ्या माणसाला कुणी भितं, हे त्यांनी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. त्यांना एकदम खूप भूक लागली.

“मग दोघंही सारखेच,” सुलेखाताई म्हणाल्या. “आमटी घ्या.”

जेवण झाल्यावर प्रबोधमधला बँकवाला जागा झाला. “बाबा, असं करू. तिळांचं लिहू, ती प्रामाणिक चूक आहे, ते हसून सोडतील. दुसऱ्याबद्दल म्हणू, वर्कशॉपमध्ये काहीतरी मिसळलं असेल. नाहीतर वॉरंटी जाईल.”

“जाईल खरी,” निशिकांतराव म्हणाले.

“मग?”

“आह सेंगनं आपल्या इंजिनात काही घातलेलं नाही, प्रबोध.”

हे ते इतक्या साध्या आवाजात बोलले, की बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. शंका आली नाही. तपासून पाहिलं, तरी आली नाही. प्रबोधनं कान खाजवला, आणि तो म्हणाला, “पेन कुठाय?”

पत्र या खेपेला एका बैठकीत झालं. ‘प्रिय मिस क्वेक, उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. पहिली गोष्ट मी घातली. माझ्या पत्नीनं दिवाळीचं तळणीचं तेल आपल्या कंपनीच्या रिकाम्या डब्यात ठेवलं होतं. डबा तिनं धुतला होता. तीळ तिचेच. दुसरी गोष्ट माझ्या मुलानं जोहोरमध्ये घातली, कारण दिवा लागला होता. आपल्या वर्कशॉपची यात काही चूक नाही. त्यांनी इंजिन भुकेलं असल्याचं बरोबर निदान केलं. वॉरंटी ठेवायची की काढायची, ते आपण ठरवावं. तेल शिल्लक नाही, पण त्यात जे तळलं जातं त्याचा नमुना सोबत पाठवत आहे.’ खाली दोघांच्या सह्या झाल्या. सुलेखाताईंनी चकल्यांचा नवा घाणा काढला होता, त्यातल्या निवडक, न मोडलेल्या चकल्या प्लॅस्टिकच्या डब्यात भरून दिल्या.

संध्याकाळी बापलेक खाली उतरले. गोह बुद्धिबळावरून उठून बरोबर आले, कारण काहीतरी घडतं आहे हे त्यांना कळलं होतं. टपालपेटीला दोन फटी होत्या, एक सिंगापूरची आणि एक परदेशाची. निशिकांतरावांनी पाकिटावरचा पत्ता वाचला, फटीवरची अक्षरं वाचली, पुन्हा पत्ता वाचला. मग डबा फटीला लावून बघितला. आडवा लावला. उभा लावला.

“नाही मावत,” प्रबोध म्हणाला. “राहू द्या, बाबा. नुसतं पत्र टाका.”

“पण आत लिहिलंय, नमुना सोबत आहे.”

“मग काय झालं?”

“सोबत नसेल, तर ते खोटं होईल ना.”

गोह यांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि सुचवलं, की नमुना इथेच तपासून टाकावा. निशिकांतराव विचारात पडले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, पाकीट पेटीच्या डोक्यावर ठेवलं, आणि ज्यानं आयुष्यात कुणालाही आपण होऊन घरी बोलावलं नव्हतं त्या माणसानं पाकिटाच्या मागच्या बाजूला सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘नमुना आपल्या टपालपेटीत मावत नाही. कृपया घरी येऊन घ्यावा. रविवारी सकाळी मी कारपार्कमध्ये असतो.’

शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, आणि पत्र सिंगापूरच्या फटीत टाकलं. मागे कुरकुर असा आवाज आला. प्रबोध आणि मिस्टर गोह यांनी नमुना तपासायला घेतला होता.